एप्सम कॉलेज आणि तिथून निघणाऱ्या डॉक्टरकीच्या वाटा (अनुभव धागा)

एप्सम म्हटलं की आपल्याला घोड्यांची डर्बी आठवते, नाहीतर जुलाबाचं मीठ. त्याच गावात, सरे परगण्यात, डाऊन्सच्या टेकाडाला लागून एक निवासी शाळा आहे. ती मुळात डॉक्टरांच्या मुलांसाठीच काढलेली होती. तिथून डॉक्टर झालेल्यांची वाट पूर्वी कशी असे, आज कशी असते आणि ती नेमकी कुठे अडते, यावर जाणकारांना लिहायला बोलावलं आहे. एकच अट: 'मी कसा घडलो' हे नको. दुसऱ्याच्या उपयोगाला येईल तेवढंच लिहा.

वैद्यकीय इतिहासाच्या अभ्यासक

शाळा १८५५ ची. नाव होतं रॉयल मेडिकल बेनेव्होलंट कॉलेज, संस्थापक जॉन प्रॉपर्ट नावाचे वेल्श डॉक्टर. उद्घाटनाला राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट आले होते. 'बेनेव्होलंट' हा शब्द तिथे शोभेसाठी नव्हता. त्या काळच्या साध्या डॉक्टरला पगार नव्हता आणि पेन्शनही नव्हती. टायफससारख्या तापात तो रोग्याकडूनच आजार घेऊन जाई आणि मागे बायको-मुलं उघड्यावर पडत. म्हणून एकाच आवारात दोन सोयी केल्या: वृद्ध डॉक्टर आणि विधवांना आसरा, आणि मुलांना शिक्षण.

फुकट जागा मिळवणं सोपं नव्हतं. देणगीदारांना मतं असत आणि मुलाची निवड त्या मतांवर होई. म्हणजे नवरा गेल्यावर बाईने ओळखीच्या डॉक्टरांना पत्रं लिहून मतं मागायची. व्हिक्टोरियन धर्मादायाची ही रीतच होती, पण वाचताना आजही अंगावर येते.

शाळेतून डॉक्टर थेट बाहेर पडत नसे. आधी सामान्य शिक्षणाची प्राथमिक परीक्षा, तिच्यात लॅटिन. मग लंडनच्या एखाद्या रुग्णालयाच्या वैद्यक शाळेत प्रवेश. १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही आली, तरी नोंदीसाठी कुठली पदविका हवी हा घोळ राहिलाच. साधारण रिवाज दोन पदविकांचा होता: शल्यचिकित्सकांच्या कॉलेजची एक आणि अपोथेकरींच्या (औषधं बनवून देणाऱ्यांच्या) संस्थेची दुसरी. नुसती पहिली असली तर माणूस शस्त्रक्रिया करायला पात्र, पण औषधं देऊन दवाखाना चालवायला अपुरा. १८८४ पासून एमआरसीएस (शल्यचिकित्सकांच्या कॉलेजची) आणि एलआरसीपी (फिजिशियनांच्या कॉलेजची) अशी जोड परीक्षा आली, तेव्हा कुठे हे मिटलं.

पहिल्या पिढीतलं मोठं नाव सर हेन्री मॉरिस. जन्म १८४४, सर्जनचा मुलगा, एप्सम, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज आणि गाईज रुग्णालय, पुढे नोकरी मिडलसेक्स रुग्णालयात. त्यांनी १८८० मध्ये पू न झालेल्या, एरवी धड असलेल्या मूत्रपिंडातून खडा काढला. तोवर सर्जन मूत्रपिंडाला हात लावत ते बहुधा आत गळू झाल्यावरच, वाट आयती तयार असताना. १९०६ ते १९०९ ते शल्यचिकित्सकांच्या कॉलेजचे अध्यक्ष होते.

लष्करी वैद्यक सेवेचे जुने दप्तर चाळणारा

वरच्या माहितीला आपल्याकडचा धागा जोडतो. ज्या १८५५ मध्ये ही शाळा उघडली त्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसची (हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राजवटीच्या लष्करी वैद्यक सेवेची) भरती वशिल्याऐवजी खुल्या परीक्षेने सुरू झाली. पैसा नसलेल्या डॉक्टरपुत्राला ही वाट सोयीची होती. इंग्लंडात प्रॅक्टिस 'विकत' घ्यावी लागे, म्हणजे निवृत्त होणाऱ्याला गुडविलचे पैसे मोजायचे. इकडे परीक्षा दिली की पगार सुरू.

परीक्षेनंतर इंग्लंडातल्या नेटली इथल्या लष्करी वैद्यक शाळेत चार महिने, मग मुंबई, मद्रास किंवा बंगाल. दोनेक वर्षं पलटणीबरोबर काढली की सिव्हिल सर्जन होता येई. सिव्हिल सर्जन म्हणजे रुग्णालय, तुरुंगाची देखरेख, देवीची लस, शवविच्छेदन आणि कोर्टात साक्ष, सगळं एकाच माणसाकडे. बऱ्याच जणांची फसगत इथेच होई. नेमणूक मुलकी वाटली तरी माणूस लष्कराचा राखीवच. लढाई लागली की बसलेली खाजगी प्रॅक्टिस सोडून जायचं.

एप्समच्या एका वसतिगृहाला फेअरर नाव आहे. सर जोसेफ फेअरर याच सेवेतले. १८५७ च्या वेढ्यात ते लखनौच्या रेसिडेन्सीत होते आणि १८७२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. ते स्वतः एप्समचे विद्यार्थी नव्हेत, हे लक्षात असू द्या. नावामुळे गोंधळ होतो.

आणि ही परीक्षा फक्त साहेबाची नव्हती. पहिल्याच वर्षी सूर्यकुमार गुडीव चक्रवर्ती पास झाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून गेलेले कान्होबा रणछोडदास कीर्तिकर याच सेवेत लेफ्टनंट कर्नल झाले. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ वैद्य मंडळींना माहीत असतो. १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच, हे मात्र साहित्यिकही विसरतात.

विज्ञान शिक्षिका, इंग्लंडमधली निवासी शाळा

आधी एक गैरसमज. 'कॉलेज' नाव असलं तरी ही शाळाच. वैद्यकीय पदवी मिळत नाही, आणि इथे शिकल्याने वैद्यकीय प्रवेशात एका गुणाचाही फायदा होत नाही. आता मुलीही आहेत, घरून येणारी मुलं आहेत, आणि बहुतेकांना डॉक्टर व्हायचंही नसतं.

सोळाव्या वर्षी जीसीएसई (आपल्या दहावीसारखी), मग दोन वर्षं ए-लेव्हल (बारावीसारखी), तीन विषय. वैद्यकीयसाठी रसायनशास्त्र घ्याच, जीवशास्त्र जवळजवळ घ्याच. तिसरा विषय मोकळा. गणित घेतलं काय नि इतिहास घेतला काय, ब्रिटिश विद्यापीठाला सहसा चालतं. भारतात परतायचा विचार असेल तर चालत नाही. त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

चौथा विषय घेण्याचा मोह आपल्या पालकांना फार. विद्यापीठाची ऑफर, म्हणजे अमुक ग्रेड आल्यास प्रवेश, तीन विषयांवर येते, साधारण तीन ए ग्रेड किंवा त्याहून वर. चार विषयांत चार बी आले तर हाती काहीच नाही.

प्रवेश मुलाखती घेणारा डॉक्टर

वेळापत्रक असं बघा. ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाचा उन्हाळा, जुलै ते सप्टेंबर, यूकॅट ही वैद्यकीय प्रवेशाची कल चाचणी. वर्षातून एकदाच देता येते. २०२५ पासून आकृत्यांचा भाग गेला. राहिले तीन: भाषिक ४४ प्रश्न २२ मिनिटांत, निर्णयक्षमता ३५ प्रश्न ३७ मिनिटांत, संख्यात्मक ३६ प्रश्न २६ मिनिटांत. प्रत्येकी ३०० ते ९००, एकूण २७०० पैकी. शिवाय प्रसंगनिष्ठ प्रश्नांचा बँड १ ते ४. भाषिक भागात हुशार मुलं अडकतात, कारण ती उतारा पूर्ण वाचतात. प्रश्नाला अर्धं मिनिट मिळतं. आधी प्रश्न, मग उताऱ्यात तो शब्द हुडकायचा. बीमॅट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचे जुने क्लास अजून विकले जातात. ती परीक्षा २०२३ नंतर बंद झाली.

मग १५ ऑक्टोबर, संध्याकाळचे सहा, यूकासची (विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेची) मुदत. पाच पर्यायांपैकी वैद्यकीयचे चारच भरता येतात. निवासी शाळांची आतली मुदत सप्टेंबरमध्येच असते, कारण शिफारस आणि अपेक्षित ग्रेड शाळा भरते. ती ग्रेड आदल्या जूनच्या शालेय परीक्षेवर ठरते. 'शाळेची तर परीक्षा' म्हणून ती सोडून दिलेल्या मुलाला पुढे अर्ज करणं अवघड जातं. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातल्या स्वतःबद्दलच्या निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत, मिळून ४००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं.

मुलाखत बहुधा लहान लहान टेबलांची: सहा ते दहा टेबलं, प्रत्येकी पाच-आठ मिनिटं. निवासी शाळेतल्या मुलांची उणीव इथे दिसते. बोलणं सफाईदार, पण माणसं पाहिलेली नाहीत. शनिवारी सामने, रविवारी आवाराबाहेर जायला परवानगी लागते, मग वृद्धाश्रमात काम करणार कधी? आठवड्यातून दोन तास, सहा महिने, एकाच ठिकाणी, हे कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) काकांच्या मागे चार दिवस फिरण्यापेक्षा जड ठरतं. त्या काकांच्या ऑपरेशनचं वर्णन आम्हाला नको असतं. जेवायला नकार देणाऱ्या आजीशी काय बोललीस, ते सांग.

आणि कमी ग्रेडच्या सवलतीच्या ऑफर मागास भागातल्या किंवा कमी संधीच्या शाळांतल्या मुलांना असतात. खाजगी शाळेच्या मुलाने त्यावर हिशोब मांडू नये.

फी-दर्जाच्या अर्जांचं काम पाहणारी

सगळ्यात महाग चूक ही. 'मुलगा पाच वर्षं इंग्लंडमध्येच शिकतोय, म्हणजे त्याला स्थानिक फी.' नाही.

इंग्लंडमध्ये स्थानिक फीसाठी साधारण दोन गोष्टी लागतात: अभ्यासक्रम सुरू होताना कायमच्या वास्तव्याचा हक्क किंवा नागरिकत्व, आणि त्याआधीची तीन वर्षं ब्रिटनमध्ये नेहमीचं वास्तव्य. हे वास्तव्य मुख्यतः शिक्षणासाठी असेल तर मोजत नाहीत. पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाची निवासी शाळेतली सगळी वर्षं त्यामुळे शून्य धरली जातात. उलट बाजूही बघा: ब्रिटिश पासपोर्ट असलेलं मूल आईवडिलांबरोबर मुंबईत वाढलं आणि नुसतं शाळेसाठी इंग्लंडला आलं, तर पासपोर्ट असूनही ते परदेशी फीत अडकू शकतं.

तिसरा प्रकार आपल्या डॉक्टर कुटुंबांचा. आईवडील एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) नोकरीच्या व्हिसावर, मूल आश्रित व्हिसावर. वास्तव्य खरं आहे, पण कायमचा हक्क अजून नाही, म्हणून परदेशी फी. इथे हक्क मिळण्याची तारीख आणि अभ्यासक्रम सुरू होण्याचा सप्टेंबर यांचं गणित जुळवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये हक्क मिळाला तर सहसा उशीर झालेला असतो.

फरक किती? २०२५-२६ ची स्थानिक फी वर्षाला ९५३५ पौंड. परदेशी वैद्यकीय विद्यार्थ्याची बहुतेक ठिकाणी ४० हजारांच्या वर, पाच-सहा वर्षं. शिवाय परदेशी मुलांच्या जागा साधारण ७.५ टक्के, म्हणजे चुरसही निराळी. शाळेच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट आहे, तो आधीच भरून झालेला असतो. शाळेत पाऊल टाकण्याआधी विद्यापीठांच्या फी-दर्जाच्या अर्जाचे प्रश्न वाचून काढा; शाळेच्या प्रवेश कचेरीला विचारून उपयोग नाही, तो त्यांचा विषय नव्हे.

भारतातली नोंदणी

तिसऱ्या विषयाचं आता घ्या. भारतीय नागरिक किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या) मुलाला परदेशात एमबीबीएससमान पदवी घेऊन पुढे भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट पात्रता लागते. नीटला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी. जीव-रसायन-गणित असं त्रिकूट घेतलेला मुलगा भौतिकशास्त्राअभावी तिथेच गळतो, आणि हे त्याला पदवीनंतर कळतं. म्हणून गणिताऐवजी भौतिक घ्या, किंवा चौथा विषय म्हणून घ्या (वरच्या शिक्षिकाबाईंची माफी मागून). ए-लेव्हलच्या समकक्षतेचं एआययूचं (भारतीय विद्यापीठ संघाचं) प्रमाणपत्रही काढून ठेवा.

नीट मेच्या सुरुवातीला, ए-लेव्हलचे पेपर मे-जूनमध्ये. परदेशातल्या केंद्रांत आखाती शहरं, सिंगापूर, काठमांडू वगैरे असतात. ब्रिटन आतापर्यंतच्या याद्यांत नाही. म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर विमानप्रवास. काही जण म्हणून ए-लेव्हल झाल्यावर एक वर्ष मोकळं ठेवतात.

परतल्यावर एफएमजीई, परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा: ३०० प्रश्न, १५० ला पास, जून आणि डिसेंबर. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप म्हटली आहे. ब्रिटनमध्ये इंटर्नशिपला जुळणारं एफ१ हे वर्ष पदवीनंतर, निराळ्या रुग्णालयात असतं. हे कसं धरणार, त्याचं उत्तर आयोगाकडून लेखी घ्या, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नको.

जीपी (फॅमिली डॉक्टर) प्रशिक्षक

पदवीनंतरचं थोडक्यात. पदवी पाच वर्षं, ऑक्सफर्ड, केंब्रिज, इंपीरियलला सहा. शेवटच्या वर्षी आता एमएलए ही डॉक्टरकीची पात्रता परीक्षा: २०० प्रश्नांची लेखी आणि प्रात्यक्षिक. मग दोन वर्षं फाउंडेशन प्रशिक्षण, एफ१ आणि एफ२. एफ१ संपल्यावर पूर्ण नोंदणी. २०२४ पासून कुठल्या भागात जाणार ते गुणांवर नव्हे, संगणकाने दिलेल्या क्रमांकावर आणि पसंतीवर ठरतं. पहिला नंबर काढणारा मुलगाही नको असलेल्या शहरात जातो, आणि त्यावर दाद नाही.

जीपी आणखी तीन वर्षं: एक लेखी, एक एससीए (रुग्णाशी बोलण्याची परीक्षा). एससीएत १२ रुग्ण, प्रत्येकी १२ मिनिटं. आपली मुलं निदान सहाव्या मिनिटाला काढतात आणि उरलेली सहा मिनिटं औषधं सांगतात. गुण जातात ते 'तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?' हे न विचारल्याबद्दल. फिजिशियन किंवा सर्जन व्हायचं तर फाउंडेशननंतर सात-आठ वर्षं धरा. एफ२ च्या शरद ऋतूतच एमएसआरएची (जीपी आणि इतर काही शाखांच्या निवड परीक्षेची) तयारी हवी; नोव्हेंबरमध्ये अर्ज गेला की मागे वळता येत नाही.

पुन्हा इतिहासवाल्या बाई

मूळ 'बेनेव्होलंट' काम थांबलेलं नाही. रॉयल मेडिकल फाउंडेशन ही शाळेची संस्था आजही अडचणीतल्या डॉक्टरांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करते, आणि ती फक्त एप्समवाल्यांसाठी नाही. जीएमसी (ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नोंद ठेवणारी जनरल मेडिकल काउन्सिल) नोंदणी हा मुख्य निकष. अर्जाला उत्पन्न-खर्चाचा तपशील, बँकेची पत्रकं लागतात. मतं मागत फिरावं लागत नाही.

ब्रिटनमध्ये असलेल्या मराठी डॉक्टरांच्या घरच्यांनी दोन कागद आत्ताच एका जागी ठेवावेत: सात आकडी जीएमसी क्रमांक, आणि एनएचएस पेन्शनचं नामनिर्देशन. नोकरीत असताना मृत्यू आला तर २०१५ च्या योजनेत वर्षाच्या पगाराच्या दुप्पट एकरकमी मिळते. लग्नाआधी आईच्या नावाने भरलेला फॉर्म तसाच राहिला असेल, तर तो बदला.