यील्ड लिहूनही सीपीयूचा एक कोर पूर्ण व्यापलेला का राहतो?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर):
नमस्कार. आमच्या फाउंड्रीतील भट्टीचे तापमान नोंदवणाऱ्या जावा प्रोग्राममध्ये एक थ्रेड (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) सेन्सर वाचतो आणि दुसरा, फ्लॅग (खरे किंवा खोटे सांगणारी खूण) खरा होईपर्यंत, व्हाइल लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमध्ये, यील्ड करत (आपली पाळी सोडायची तयारी दाखवत) राहतो. तरीही सीपीयूचा एक कोर (काम करणारा स्वतंत्र भाग) पूर्ण व्यापलेला दिसतो आणि कधीकधी फ्लॅग बदलूनही लूप संपत नाही. यील्ड म्हणजे थांबणे नव्हे का?

पहिले उत्तर:
नव्हे. यील्ड करणारा थ्रेड झोपत नाही, हातातले लॉकही (सामायिक डेटावर लावलेले कुलूप) सोडत नाही. ती शेड्यूलरला (कोणता थ्रेड कधी चालवायचा हे ठरवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या भागाला) केलेली केवळ सूचना असून तो ती दुर्लक्षितही करू शकतो. बिंदू चौकात एकच रिक्षा उभी असेल, तर तिने नंबर सोडला तरी पुढचा नंबर तिचाच असतो; तसाच हा थ्रेडही लगेच पुन्हा चालू लागतो. शिवाय लिनक्सचा शेड्यूलर २००७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बदलला, त्यामुळे यील्डच्या विशिष्ट वागण्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

दुसरे उत्तर:
न संपणारा लूप अधिक गंभीर आहे. आपला फ्लॅग व्होलाटाइल (एका थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला दिसेलच असा जाहीर केलेला) आहे का? जावाच्या नियमांनुसार स्लीप आणि यील्ड यांना सिंक्रोनायझेशनचा (थ्रेडमधील ताळमेळाचा) कोणताही अर्थ नाही, म्हणून कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) साधा फ्लॅग एकदाच वाचून तीच किंमत वापरत राहू शकतो. मात्र व्होलाटाइल केल्याने कोर मोकळा होणार नाही. त्यासाठी ब्लॉकिंग क्यू (थ्रेडमध्ये नोंदी देण्याघेण्याची रांग) वापरावी, कारण तिच्यातील टेक ही नोंद काढून घेणारी मेथड नोंद येईपर्यंत थ्रेडला खरोखर झोपवते.

प्रश्नकर्ता:
फ्लॅग साधा बूलियनच (खरे-खोटे एवढीच किंमत असलेला) होता, व्होलाटाइल नव्हता. क्यू लावल्यावर कोर मोकळा झाला. दोघांचेही मनःपूर्वक आभार.