लाखीशच्या वेढ्याबद्दल एक कोडं सुटत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या बायबल अभ्यासवर्गात पुढच्या रविवारी मला लाखीश नगरावर बोलायचं आहे. २ राजे, अध्याय १८ मध्ये यहूदाचा राजा हिज्कीया अश्शूरचा राजा सन्हेरीब याला लाखीशलाच निरोप पाठवतो, तेच हे ठिकाण.

इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने हे नगर घेतलं. तटापर्यंत चढण्यासाठी त्याच्या सैन्याने रचलेला दगडांचा उतार आजही तिथे दिसतो. अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातलं एक अख्खं दालन त्याने या वेढ्याच्या शिल्पपटांनी सजवलं. आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बैलगाडीवर बोचकी, वर लेकरं आणि बायका, असे नगर सोडून निघालेले लोक त्यात कोरलेत. फोटो पाहूनच गलबलून येतं.

माझी अडचण अशी, की सन्हेरीबाच्या बखरीत यहूदाची ४६ तटबंदीची नगरं घेतल्याचा उल्लेख आहे, पण लाखीशचं नाव नाही! शिल्पपटावरच्या लेखात मात्र ते स्पष्ट आहे. ज्या विजयासाठी दालन सजवलं, तो बखरीतून का गळावा? अभ्यासक याचं काय कारण देतात?

दुसरं, १९३५ मध्ये लाखीशला खापरांवर लिहिलेली पत्रं सापडली, ती या वेढ्यानंतरच्या, बाबेलच्या स्वारीच्या काळातली. त्यांपैकी एकात लाखीश आणि अजेका या यहूदाच्या दोन नगरांची नावं एकत्र येतात. यिर्मया ३४:७ मध्येही हीच जोडी आहे. या पत्रांचं मराठी भाषांतर कुणाच्या पाहण्यात आहे का? वर्गात बरीच वडीलधारी माणसं आहेत, त्यांना मराठीतच वाचून दाखवायची मनापासून इच्छा आहे.