४७ मुलं, पाच वर्ग आणि मी एकटी: टीव्हीवरच्या तासावर कितपत भिस्त ठेवावी?

पाड्यावरची बाई:
पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, पट ४७. जोडीदार सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मागणी केली तर वरून उत्तर आलं, टीव्ही आहे ना, दुसऱ्या शाळेतले शिक्षक ऑनलाइन तास घेतील, तोवर भागवा.

भागवून पाहिलं. सोमवारी चौथी-पाचवीला व्हरांड्यात बसवून हातच्याच्या वजाबाक्या देत होते, पहिली-दुसरी आत टीव्हीपुढे. पडद्यावरच्या बाई मनापासून शिकवत होत्या, त्यांना बोल लावणार नाही. "आता पाटीवर म काढा," म्हणाल्या. आत डोकावले तर पहिलीतला एक मुलगा उभा राहून टीव्हीला पाटी दाखवत होता. "बाई, बघा." त्याच्या म ची गाठ उलट्या बाजूला आली होती. बाई पुढच्या अक्षरावर गेल्या, तो पाटी धरून तसाच उभा. त्याचं बोट धरून म गिरवून घेतला, तेवढ्यात व्हरांड्यात दोघांची जुंपली आणि खिचडीच्या ताई तांदूळ मोजून मागायला आल्या.

घरी सगळी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, पडद्यावरचा तास मराठीत. कुणाला शब्द कळला नाही हे मला चेहऱ्यावरून समजतं, पडद्यापलीकडून कसं समजावं?

पडद्याचा कुणी नीट उपयोग करून घेतलाय का? आणि दुसरी जागा भरून घ्यायला कायद्यात काय धरावं?

निवृत्त केंद्रप्रमुख:
बाई, शिक्षण हक्क कायदा २००९. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. तुमचा पट ४७, म्हणजे दुसरा शिक्षक मुलांच्या हक्काचा आहे. कलम २६ वाचा: शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावीत. तुमच्याकडे निम्मी रिक्त आहेत. अर्ज एकटीच्या सहीने देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या.

एक खंत मात्र आहे. हा हिशोब डोकी मोजतो, वर्ग मोजत नाही. ४७ ला दोन म्हणजे कागदावर झकास, पण दोघे आले तरी वर्ग पाचच.

सांगोल्याचा गुरुजी:
ताई, सहा वर्षं एकशिक्षकी चालवली. पहिली-दुसरीला पडद्यासमोर बसवूच नका, सकाळचे दोन तास तुम्ही त्यांच्याजवळ बसा. टीव्ही चौथी-पाचवीला, तोही परिसर अभ्यासापुरता. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा पाठ घरून उतरवून न्या, शाळेत रेंजची वाट बघत बसू नका. दहा मिनिटं दाखवा, बंद करा आणि दोघादोघांना एकमेकांना प्रश्न विचारायला लावा. वाचनाला तिसरी, चौथी, पाचवी असं बसवू नका. ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गट करा.

एक पालक:
२०२० च्या टाळेबंदीत माझी मुलगी पहिलीत होती. फोन माझ्यासोबत कामावर, रात्री घरी आलो की ती व्हिडिओ बघता बघता झोपायची. आता सहावीत आहे, जोडाक्षराला अजून अडखळते. तिची हुशारी कमी नव्हती, शेजारी बसून वाचून घ्यायला कुणी नव्हतं. तुमच्या पालकांना बैठकीला नक्की बोलवा. आमच्यासारखे लोक सही करायला येतात, फक्त कशासाठी ते सांगावं लागतं.

पाड्यावरची बाई:
केंद्रप्रमुख सर, कलम २६ माहीत नव्हतं. शुक्रवारी बाजार, म्हणून गुरुवारी संध्याकाळी बैठक बोलावलीय, भात लावणी उरकून सगळे येतील. ठराव कोकणा बोलीत समजावून मगच सह्या घेईन. गुरुजी, आजपासून पहिली-दुसरीचा टीव्ही बंद केला. त्या मुलाचा म सुधारला, भ ची गाठ अजून उलटीच येते. उद्या पुन्हा बसते त्याच्याजवळ.