मदत हवी आहे: पायाच्या अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या, केमिस्ट म्हणतो दुसरी देतो

नमस्कार मंडळी. आमचे आण्णा, वय 67, शुगर जुनी आणि तंबाखू तिच्याहून जुनी. रंकाळ्याला अर्धी फेरी झाली की उजवी पोटरी भरून यायची, कठड्याला टेकायचे, मग परत चालू. अंगठ्याची जखम भरेना तेव्हा तपासलं, मांडीतली शीर चोंदलेली निघाली. गेल्या महिन्यात औषध लावलेल्या फुग्यानं ती उघडली. पाय आता गरम लागतो, जखमही सुकत आलीय.

गोळ्या अशा: ॲस्पिरिन 75, रक्त पातळ करणारी रिव्हरॉक्साबॅन 2.5 सकाळ-संध्याकाळ, रात्री ॲटोर्व्हास्टॅटिन 40. अडीचची संपली. आमच्या गल्लीतला केमिस्ट म्हणतो, "दहाची आहे, दिवसाला एक द्या, काय फरक पडत नाही." त्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय. काकांचं म्हणणं, शिरेत औषध लावलंय तर वरनं गोळ्या कशाला? आणि फुग्यावरचं ते पॅक्लिटॅक्सेल कॅन्सरचं औषध निघालं, तेव्हापासून आईची झोप उडालीय. कुणाला अनुभव आहे का?

गोळीवाली ताई: दहाची अजिबात घेऊ नका. तो डोस दुसऱ्या कामाचा आहे, ॲस्पिरिनसोबत रक्तस्राव वाढेल. पायाच्या शिरा उघडल्यावर अडीचची दोनदा आणि ॲस्पिरिन, हीच जोडी 'व्हॉयेजर पीएडी' अभ्यासात 6,564 जणांवर तपासली होती, निकाल 2020 चा. पाय कापावा लागणं, शीर अचानक बंद पडणं, हार्ट अटॅक वगैरे सगळं धरून तीन वर्षांत या जोडीवर 17.3 टक्के जणांना झालं, नुसत्या ॲस्पिरिनवर 19.9. फरक डोंगराएवढा नाही, पण एका पायाचा प्रश्न असला की तेवढाही मोठा.

काकांना सांगा, कामं वेगळी आहेत. फुगा फुगवताना शिरेची आतली भिंत ओरबाडते. ती भरताना स्नायूपेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि शीर पुन्हा अरुंद होते. पॅक्लिटॅक्सेल त्या पेशींची वाढ रोखतं. गोळ्या तिथं गुठळी होऊ देत नाहीत. स्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी.

आईंना धीर द्या. 2018 च्या एका विश्लेषणानं पॅक्लिटॅक्सेलमुळे मृत्यू वाढतात की काय अशी शंका काढली होती, पण 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनंच (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सांगितलं की आकडेवारीत तसं दिसत नाही.

हिरड्यांचं सर्जनच्या कानावर घाला, आपल्या मनानं बंद नको. शी काळी झाली, लघवीत रक्त आलं किंवा डोक्याला मार बसला तर सरळ दवाखाना. गुडघा दुखतोय म्हणून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी नको.

पेठेतला पैलवान: भावा, तंबाखू सुटली का? ते लिहिलंच नाहीस. माझ्या मामांनी सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या, चंची तेवढी सोडली नाही. वर्षात शीर परत बंद. डॉप्लरच्या (शिरेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) तारखाही चुकवू नका.

धागाकर्ता: ताई, आभार. अडीचची राजारामपुरीत मिळाली, दहाची परत केली. सर्जन म्हणाले गोळ्या चालू ठेवा, आधी दात दाखवा. दात काढायची वेळ आली तर गोळीचं काय करायचं ते त्यांना विचारूनच. पैलवान, चंची आईनं काढून घेतलीय. पण शेजारी कट्टा आहे, तिथं कोण देतंय ते बघावं लागेल.