मोटारहोमचा गिझर तापतो, पण नळाला पाणी कोमटच – मदत हवी आहे

आमच्याकडे जुनं घेतलेलं क्लास सी मोटारहोम आहे, फोर्ड ई-४५०च्या चासीवरचं. गिझर ६ गॅलनचा, म्हणजे साधारण २३ लिटर. गॅस आणि वीज दोन्हीवर चालतो (चालायला हवा). जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून येताहेत, त्यांना घेऊन डेन्व्हरहून येलोस्टोनला जायचंय. तिथे फिशिंग ब्रिज सोडलं तर उद्यानातल्या एकाही कॅम्पग्राउंडवर गाडीला वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही, आणि फिशिंग ब्रिजचं बुकिंग आम्हाला मिळालेलं नाही. म्हणजे सगळी भिस्त प्रोपेनवर, गाडीतल्या गॅसवर. बाबांना पहाटे उठल्या उठल्या कढत पाणी लागतं. 'राहू दे रे, आज अंग पुसून घेतो' असं ते म्हणतील आणि दिवसभर आई माझ्याकडे बघत राहील.

आता दुखणं सांगतो. गॅसवर टाकला की टकटक ठिणगी पडते, शेगडी पेटते, ज्योत निळी आणि स्थिर आहे. थर्मोस्टॅट वेळेवर बंदही होतो. टाकीतलं पाणी नक्की तापतं, कारण बाहेरचं झाकण उघडून रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब फार चढला की पाणी बाहेर सोडणारा) ठिबकणाऱ्या थेंबाला बोट लावलं तर चांगलाच चटका बसला. पण शॉवरला तेच पाणी जेमतेम कोमट येतं. विसण घालायचा प्रश्नच नाही, ते आधीच पडल्यासारखं. स्वयंपाकघरातल्या नळालाही तीच गत.

दुसरं, विजेवर गिझर काहीच करत नाही. ब्रेकर पडलेला नाही, आतल्या पॅनेलवरचं बटण लागतं, तासभर थांबलं तरी पाणी गारच.

तिसरं म्हणजे वर म्हटलेलं ठिबकणं. गार असताना एक थेंब नाही, तापायला लागला की सुरू. आणि चौथं, गरम नळाच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, गार नळाला अजिबात नाही. हा वास प्रोपेनचा तर नाही ना, अशी बायकोला भीती. गॅस डिटेक्टर चालू आहे, तो वाजलेला नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी लावूनही बुडबुडे आले नाहीत.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि अख्खा गिझर बदला म्हणाला. ज्योत नीट, टाकी गळत नाही, मग गिझर का बदलायचा हे काही केल्या पटत नाहीये. चारही तक्रारींचं मूळ एकच आहे की चार वेगळी? कोणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा. गिझरच्या मागे तीन व्हॉल्व्हवाला बायपास (टाकीला वगळून गार पाणी सरळ गरमच्या पायपात नेणारी वाट) आहे, गाडीला बाहेरचा शॉवरपण आहे.

फिनिक्सवाला:
गिझर बदलू नका, तुमच्याच वर्णनावरून तो ठणठणीत आहे. टाकीत कढत आणि नळाला कोमट म्हणजे मधे कुठेतरी गार पाणी मिसळतंय. ते पकडायची एक खात्रीची चाचणी आहे. गिझर गॅस-वीज दोन्हीकडून बंद करा आणि पाणी गार होऊ द्या. मागच्या बाजूला टाकीत गार पाणी नेणारा व्हॉल्व्ह बंद करा, मधला बायपासचाही बंद ठेवा. पंप चालू. आता स्वयंपाकघरातला फक्त गरम नळ उघडा. सुरुवातीला थोडं पाणी येईल, टाकीतल्या हवेच्या दाबाने ढकललेलं, मग धार तुटायला हवी. वाहतच राहिली तर ते पाणी टाकीतून येत नाहीये, गारच्या पायपातून गरमच्या पायपात घुसतंय.

पहिला संशयित बाहेरचा शॉवर. लोक हातातल्या शॉवरचं बटण बंद करतात आणि मागचे दोन्ही नळ उघडे ठेवतात. मग तिथे गार आणि गरम एकमेकांत मिसळत बसतात. ते दोन्ही नळ घट्ट बंद करून चाचणी पुन्हा करा. तरी वाहिलं तर बायपास. दांडी पायपाला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. वापरताना टाकीत जाणारा आणि टाकीतून निघणारा उघडे, मधला बंद. पण नुसत्या दांडीवर विसंबू नका. प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हमध्ये दांडी फिरते आणि आतला गोळा जागचा हलत नाही, असं मी पाहिलंय. नळ वाहत असताना मधल्या पायपाला हात लावून बघा.

बंबवाले काका:
ठिबकण्याचं सांगतो. पाणी तापलं की फुगतं. घरी ते मागे मेन लाइनीत सरकू शकतं, मोटारहोममध्ये पंपाचा चेक व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही. म्हणून टाकीच्या वरच्या भागात हवेचा एक कप्पा ठेवलेला असतो, तो दाबला जातो आणि फुगलेल्याला जागा होते. वापरता वापरता ती हवा पाण्यात विरघळून जाते, मग दाब चढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह आपलं काम करतो. हा व्हॉल्व्ह १५० पीएसआय किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडतो. ठिबकतोय म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारायचा विचारसुद्धा कोणी करू नये. बंद टाकी, खाली जाळ आणि वाट बुजवलेली, पुढचं बोलायलाच नको.

हवा परत भरायची तर गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या. पंप बंद, बाहेरून पाण्याचा होज जोडला असेल तर तोही बंद. आतला एखादा गरम नळ उघडून दाब काढा. मग रिलीफ व्हॉल्व्हची दांडी उचलून धरा, पाणी वाहायचं थांबलं की सोडून द्या, ती खटकन बसेल. नळ बंद, पंप चालू. झालं. गार असतानाही ठिबकायला लागला तर मात्र व्हॉल्व्हच बदलायचा.

वासाचं प्रोपेनशी काही नातं नाही, नाहीतर तो एकाच नळाला कसा चिकटला असता? टाकी स्टीलची असेल तर आत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. पाण्यात सल्फेट असलं, विशेषतः विहिरीच्या, आणि ते बरेच दिवस तुंबून राहिलं, तर त्यातले जिवाणू या रॉडच्या संगतीने हायड्रोजन सल्फाइड करतात. तोच हा वास. टाकी गार करून, दाब काढून रॉड उघडा (१ १/१६ इंची सॉकेट लागेल), सगळं पाणी सोडून द्या, आतला पांढरा गाळ धुवा. रॉड तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा घाला. मग ताज्या पाण्याच्या टाकीत दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच घालून ते पाणी गिझरसकट सगळ्या पायपांत फिरवा, किमान चार तास ठेवा आणि वास जाईपर्यंत खंगाळा. एवढ्यावरही वास परत आला तर अ‍ॅल्युमिनियमचा रॉड घ्या. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: गिझरच्या कंपन्यांपैकी सबर्बनच्या टाकीत रॉड लागतो, अ‍ॅटवुडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत तो घालायचा नसतो, तिथे नायलॉनचं बूच असतं.

राईनकाठ:
इथे जर्मनीत आमच्या गाडीत ट्रूमा कॉम्बी (पाणी आणि गाडी दोन्ही तापवणारं यंत्र) आहे, त्याचे नखरे वेगळे. आजूबाजूचं तापमान ३ अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की त्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडून टाकी रिकामी करतो आणि ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद करू देत नाही. सकाळी चहा मिळत नाही, पण टाकी फुटत नाही. तुमच्याकडे असलं काही नाही, तेव्हा डेन्व्हरच्या थंडीआधी टाकी हाताने रिकामी करालच.

फिनिक्सवाला:
विजेचं राहिलंच. काही मॉडेलांत बाहेरच्या झाकणाआड, खाली डाव्या कोपऱ्यात गॅसच्या नळीमागे एक छोटा काळा स्विच असतो. आतलं बटण दाबून काही होत नाही, कारण हा बंद असतो. रबरी टोपीखालची रीसेटची बटणंही दाबून बघा. त्यानेही नाही झालं तर ब्रेकर पाडा, करंट नाही याची मीटरने खात्री करा, एलिमेंटची (विजेवर पाणी तापवणाऱ्या कांबीची) एक वायर काढून ओहम मोजा. १४४० वॅटचा एलिमेंट १२० व्होल्टला साधारण १० ओहम दाखवतो. काहीच आकडा नाही आला तर जळलाय.

मी (धागाकर्ता):
सगळ्यांचे मनापासून आभार. चाचणी केली, धार तुटली नाही. बाहेरच्या शॉवरचे नळ बंदच होते, तरी आवळून पाहिले, फरक नाही. मग मधल्या पायपाला हात लावला तर दांडी आडवी असूनही पाईप गार आणि आत पाणी वाहत असल्याची थरथर बोटांना कळत होती. व्हॉल्व्ह काढला: दांडीचा आतला खुंट तुटलेला, गोळा अर्धवट उघडा. पितळी व्हॉल्व्ह बसवला आणि शॉवरला वाफ आली. बायको आतून ओरडली ते आनंदाने होतं असं मी धरून चालतोय.

हवेचा कप्पा भरल्यावर ठिबकणं थांबलं. रॉडच्या जागी नुसती तार उरली होती, वर खडूसारखा चुरा. नवा आणलाय, ब्लीचचं काम या शनिवारी. कोपऱ्यातला काळा स्विच सापडला, तो चालूच होता. एलिमेंटवर मीटर काहीच दाखवत नाही. आधीच्या मालकाने बायपासवर असताना, रिकाम्या टाकीवर वीज सोडली असणार. नवा मागवलाय. बसवताना काय सांभाळायचं?

बंबवाले काका:
वॉशर नवा घाला, जुना परत वापरू नका. आणि बसवल्यावर टाकी आधी भरा. गरम नळ उघडून ठेवा, तो आधी फसफसेल, थुंकेल. सलग धार लागेपर्यंत विजेच्या बटणाला हात लावू नका, नाहीतर नवाही मिनिटभरात जुन्याच्या वाटेने जाईल. गॅस आणि वीज दोन्ही एकदम लावले तर पाणी लवकर तापतं, पण ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना वीज लावू नका, ब्रेकर पडेल. येलोस्टोनमध्ये तो प्रश्न नाही, तिथे गॅसच. बाबांच्या आंघोळीआधी अर्धा तास लावा आणि आईंना सांगा की मधे भांडी घासायला घेऊ नका.