जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, आता बीएस्सी नर्सिंग परत पहिल्यापासून करायचं का?

चिपळूणवाली: माझं जीएनएमचं ३ वर्षांचं संपलं, आता डिग्री करायचीय, तर परत ४ वर्षं जाणार का? बाबा म्हणतात नोकरी धर, पण मला खरंच शिकायचंय.

गुहागरची ताई: अगं ४ कशाला, पोस्ट बेसिक बीएस्सी कर, ती जीएनएम झालेल्यांसाठीचीच डिग्री आहे, २ वर्षांत होतं. फक्त आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करून घे, मी ते लांबवलं आणि माझं अख्खं वर्ष गेलं, फार रडले होते तेव्हा. आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेव हां, एसटी स्टँडवर पावसात माझ्या मार्कशीटवरची शाई पसरली होती.

देवगडकर: फी भरायच्या आधी कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे का बघ.

चिपळूणवाली: थँक्यू ताई, दादा. रजिस्ट्रेशनचे कागद आजच काढते.