विषय: मलिंगारची सायकल सहल – ॲथलोनला पोहोचल्यावर परत कसे यायचे?

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे जूनची सहल डब्लिनहून मलिंगारलाच जाईल. ग्लेंडालॉखचा प्रस्ताव कृपया पुन्हा मांडू नये. मलिंगार ते ॲथलोन ही सायकलवाट सुमारे 42 किलोमीटरची, डांबरी आणि मोटारींना बंद असलेली आहे. अडचण एकच उरली आहे. मोटारी मलिंगारला उभ्या करून सायकली तिथेच भाड्याने घ्यायच्या, तर ॲथलोनहून परतायचे कसे? या दोन गावांना जोडणारा लोहमार्ग 1851 मध्ये सुरू झाला, त्यावरची प्रवासी वाहतूक 1987 मध्ये बंद पडली आणि 2015 मध्ये त्याच्याच कडेने ही वाट खुली झाली. आगगाडी गेली म्हणूनच ही वाट मिळाली, त्यामुळे परतीला आगगाडी नाही ही तक्रार कोणाकडे करणार?

सूचना गुरुवारपर्यंत पाठवाव्यात. जेवणाविषयीच्या सूचना स्वतंत्र पत्रात द्याव्यात.

प्रेषक: नाना (लुकन)

समितीने परतीचा विचार केला, पण वाऱ्याचा केला नाही. आयर्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, आणि ॲथलोन मलिंगारच्या नैर्ऋत्येला आहे. म्हणजे आपण 42 किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर जाणार. जुना लोहमार्ग असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीतच, हे खरे. पण सपाटीवरचा समोरचा वारा हा न दिसणारा चढच असतो. गेल्या मे महिन्यात याच वाटेवर मोट गावाच्या अलीकडे मी सायकलवरून उतरून ती ढकलीत चाललो असता, सत्तरीच्या एक बाई विजेच्या सायकलवरून, पुढच्या टोपलीत कुत्रा बसवून, मला ‘ग्रँड डे’ म्हणत निघून गेल्या. कुत्र्याने मात्र वळून वळून पाहिले.

म्हणून उलटे जावे. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून आगगाडीने ॲथलोन, तिथून वारा पाठीशी घेऊन मलिंगार, आणि मलिंगारहून आगगाडीने डब्लिनचेच कॉनोली स्थानक.

प्रेषक: खजिनदार

नानांची वाऱ्याविषयीची माहिती अचूक आहे, पण हिशेब जमत नाही. आपण बावीस जण आहोत. लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये सायकलींसाठी मोजक्या जागा असतात आणि त्याही आधी आरक्षित कराव्या लागतात. घडीच्या सायकलीला हा नियम लागू नाही हे मान्य, पण घडीची सायकल मंडळात फक्त नानांकडे आहे. सायकली ॲथलोनला भाड्याने घ्याव्यात, तर त्या परत ॲथलोनलाच द्याव्या लागतील, म्हणजे मूळ प्रश्न फक्त गाव बदलून समोर येतो. शिवाय ज्यांच्या मोटारी ह्यूस्टनला असतील ते रात्री कॉनोलीला उतरतील. लुआसमध्ये, म्हणजे शहरातल्या ट्राममध्ये, घडीच्या सायकलीखेरीज दुसरी सायकल नेता येत नाही, तेव्हा स्वतःची सायकल आणणाऱ्यांनी शहरातूनही पाय मारावेत अशी अपेक्षा आहे काय?

प्रेषक: वहिनी (स्वॉर्ड्स)

वारा आणि गाड्या यांच्या चर्चेत लहान मुले असलेली सहा कुटुंबे कोणाच्याच ध्यानात आलेली दिसत नाहीत. आम्ही ॲथलोनला जाणारच नाही. मलिंगारपासून सुमारे बारा किलोमीटरवर कासलटाउनचे जुने स्थानक आहे. तिथे फलाट अजून शाबूत आहे आणि वाटेच्या कडेला गंजलेले रूळ काटेरी झुडपांतून तसेच पुढे गेलेले दिसतात. माझा मुलगा त्या फलाटावर अर्धा तास गाडीची वाट पाहत बसला होता. एवढेच अंतर जाऊन परत यावे आणि दुपारी मोटारीने बेल्व्हेडिअर या जुन्या उमरावी घराच्या बागेत जावे. ते मलिंगारच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर, लॉख एनेल या सरोवराच्या काठी आहे. हिरवळ आहे, तळे आहे आणि ती प्रसिद्ध ‘मत्सराची भिंत’ही आहे. शेजारी राहणाऱ्या सख्ख्या भावाचे मोठे घर डोळ्यांसमोर नको म्हणून रॉबर्ट रॉचफर्ट या उमरावाने 1760 च्या सुमारास ती बांधली, आणि बांधतानाच पडक्या वाड्यासारखी बांधली. याच गृहस्थाने दुसऱ्या एका भावावरून संशय घेऊन पत्नीला 31 वर्षे घरात कोंडून ठेवले होते. मुलांना भिंतीची गोष्ट सांगावी. पत्नीची मोठ्यांनी आपसात बोलावी.

प्रेषक: नाना (लुकन)

भिंतीविषयी वहिनींनी लिहिले ते वाचून आमच्या गुहागरच्या घराची आठवण झाली. माझ्या आजोबांनी आणि चुलत आजोबांनी वाटणीनंतर मध्ये गडगा घातला, तो कमरेएवढा होता. दरवर्षी पावसाळ्यानंतर पडलेले चिरे लावताना प्रत्येक बाजूने एकेक थर वाढत गेला आणि शेवटी आजीला पलीकडची विहीर दिसेना. भाऊबंदकी करण्यासाठी उमराव असावे लागत नाही. मात्र आमचा गडगा कोणी तिकीट काढून पाहायला येत नाही.

वाऱ्याच्या मुद्द्याला उत्तर अद्याप मिळालेले नाही.

प्रेषक: सचिव

उत्तर देतो. मलिंगारहून मोट सुमारे 28 किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन 56 होतात. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. जाताना अंगात जोर असतो तेव्हा वारा समोरून घ्यावा आणि थकून परतताना तो पाठीशी असावा, म्हणजे नानांचेही समाधान व्हावे. सायकली जिथून घेतल्या तिथेच परत जातील, मोटारी जागच्या हलणार नाहीत आणि खजिनदारांना तिकिटे काढावी लागणार नाहीत. लहान मुलांच्या कुटुंबांनी कासलटाउनहून परत फिरावे. ॲथलोनचा हट्ट मात्र सोडावा लागेल. हे मंडळ एकत्र बांधून ठेवणे किती कठीण आहे हे मी गेली चार वर्षे अनुभवतो आहे. मोट बांधायची तर ती मोटलाच बांधावी.

प्रेषक: खजिनदार

कोटी जुनी असली तरी हिशेब बरोबर आहे. माझी संमती आहे. कासलटाउन ते मोट या टप्प्यात वाटेवर दुकान मिळेल असे गृहीत धरू नये. पाणी मलिंगारलाच भरून घ्यावे. पंक्चर काढण्याचे साहित्य मंडळाकडे होते, ते मागच्या सहलीनंतर कोणाकडे राहिले हे संबंधितांना माहीत आहे.

प्रेषक: नाना (लुकन)

ते माझ्याकडे आहे. मी आणीन. पण जाताना वारा समोरून असणार, हे नोंदीत राहू द्यावे.

प्रेषक: वहिनी (स्वॉर्ड्स)

दुकान नसल्यामुळे मी सर्वांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या करून आणीत आहे. माझे हे पत्र जेवणाविषयीची सूचना नसून पुरवठ्याविषयीचे निवेदन आहे, याची समितीने नोंद घ्यावी.